आगोटीची बेगमी : अंधारासाठी तयार असलेले घर

मराठीत 'बेगमी' असा एक शब्द आहे. धान्याची बेगमी, सरपणाची बेगमी, पावसाळ्याची बेगमी अशा जोडांतून तो आपण वापरतो आणि त्याचा अर्थ 'साठा' एवढाच धरून पुढे जातो. शब्द फारसीतून आलेला आहे. 'बे' म्हणजे वाचून आणि 'गम' म्हणजे चिंता, दुःख. बेगमी म्हणजे मुळात चिंतामुक्ती. मराठीने हा शब्द घेतला आणि मनाची ती अवस्था ज्या वस्तूंमुळे लाभते त्या वस्तूंनाच तिचे नाव दिले. पडवीत रचून ठेवलेली लाकडे हीच निश्चिंती, असे समीकरण भाषेने मांडून ठेवले आहे.

याला कोकणात आणखी एक शब्द जोडला जातो : आगोट. पाऊस तोंडावर आला आहे, पण अजून कोसळलेला नाही, असा वैशाख-ज्येष्ठाचा काळ. 'आगोटीची बेगमी' म्हटले की मालवण-वेंगुर्ल्याकडच्या जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक पूर्ण कार्यक्रमपत्रिका उभी राहते. शेजारच्या गोव्यात याच बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजातून आला आणि त्याच्या नावाने मडगावला पावसापूर्वीची जत्राही भरते. दोन शेजारी प्रदेशांनी दोन दूरच्या भाषांतून शब्द उसने घेतले, पण गरज एकच होती. चार महिने बाहेरून काही येणार नाही असे धरून घर चालवायचे होते.

या बेगमीतील चूल, ऊब आणि उजेड या तीन गोष्टींपुरता इतिहास येथे पाहावा असा आमचा विचार आहे. विषय घरगुती आहे खरा. परंतु गेल्या काही वर्षांत लागोपाठ आलेल्या चक्रीवादळांनी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरची गावे अनेक दिवस अंधारात ठेवली आणि 'वीज गेली तर घर कसे चालवायचे' हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. या प्रश्नाचे एक उत्तर या प्रदेशापाशी पूर्वी होते. ते कशाचे बनलेले होते आणि कसे विरत गेले हे समजून घेतल्याखेरीज आजच्या उपायांचे मोल नीट ठरवता येणार नाही.

बंद समुद्राच्या काठी

आधी भूगोल. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीची दोन दारे होती : घाट आणि बंदर. पावसाळ्यात दोन्ही मिटत. मुंबईहून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची आगबोट पाऊस लागण्यापूर्वी बंद होई. 'बोट बंद झाली' हे वाक्य पंचांगातल्या एखाद्या तिथीसारखे उच्चारले जाई. घाटात दरडी कोसळत. मासेमारी थांबे, ती नारळी पौर्णिमेला दर्या शांत झाल्यावर सुरू होई. आज यांत्रिक मासेमारीवर सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. तिच्या मागे माशांच्या विणीचे शास्त्र आहे, पण जुन्या प्रथेशी ती जुळूनच आली आहे.

या बंदिस्तपणाचे टोकाचे उदाहरण मालवणच्या समोरच आहे. कुरटे बेटावर १६६४ साली ज्याची पायाभरणी झाली त्या सिंधुदुर्ग किल्ल्यात आजही मोजकी कुटुंबे राहतात. पावसाळ्यात होडीची ये-जा थांबते. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, पण विहिरीतून जळण निघत नाही. जे जाळायचे ते आगोटीपूर्वी बेटावर पोहोचलेले असले पाहिजे.

किनाऱ्यावरच्या घरातली तयारी साधारण अशी असे. लाकडे फोडून, उन्हात कडक वाळवून पडवीत किंवा मांगरात रचायची. ओले लाकूड जळताना आपली बरीच उष्णता स्वतःतले पाणी उडवण्यातच घालवते, म्हणून सुकवण हेच खरे काम असे. माड हे तर जळणाचे झाडच. त्याच्या वाळलेल्या झावळ्या, झावळीचे जाड देठ, नारळाची सोडणे, करवंट्या यांतल्या प्रत्येकाचा जाळ वेगळा आणि उपयोगही वेगळा. झावळी भसकन पेटते, म्हणून चूल पेटवायला. सोडण धुमसत राहते, म्हणून विस्तव राखायला. करवंटीचा निखारा कडक, म्हणून शेगडीला. देशावर ज्यांना गोवऱ्या म्हणतात त्या शेणी मंद आचेसाठी. आज आपण ज्याला इंधन म्हणतो ती एक वस्तू आहे. त्या घरात ते निदान पाच-सहा वस्तूंचे कुटुंब होते आणि कोणती कधी लावायची याचे ज्ञान स्वैपाकघरात मुखोद्गत होते.

'ऊब' या शब्दाचा कोकणातला अर्थही ध्यानात घ्यावा लागतो. येथे थंडीसाठी खोली तापवावी लागत नाही. ऊब हवी ती न्हाणीतल्या चुलीवरच्या पाण्याला, बाळंतिणीच्या खाटेखालच्या शेगडीला आणि आषाढात चार-चार दिवस न सुकणाऱ्या कपड्यांना. चुलीवरचा धूर वर टांगलेल्या बियाण्याला आणि छपराच्या वाशांना लागे आणि कीड दूर ठेवी. एक जाळ अनेक कामे करीत असे.

याशिवाय बेगमीचा एक भाग जळणाच्या ढिगात दिसत नसे. सुके बांगडे, सुकट, सोले, पापड, सांडगे, खारवलेला फणस, वाळूत पुरलेल्या आठळ्या या सगळ्यांवर मे महिन्याचे ऊन खर्च झालेले असे. जे काम पुढे चुलीने करायचे त्यातले पुष्कळसे उन्हाने आधीच करून ठेवलेले असे. सोलकढीला तर विस्तवच लागत नाही. एखाद्या दिवशी चूल पेटली नाही तरी घर उपाशी राहू नये, एवढी काळजी या पदार्थांच्या यादीतच घेतलेली होती.

उजेडाचेही तेच. रॉकेल येण्यापूर्वी किनाऱ्यावर उंडीच्या बियांचे तेल दिव्याला वापरीत. करंजेल होते, खोबरेल होते. देवापुढे समई, माजघरात पणती, अंधारात वाट चालताना वाळक्या झावळीची चूड. उजेडाच्या गरजेला मोजमाप होते : जेवढा हवा तेवढाच, आणि तोही कामापुरता.

एका पत्राचा धडा

बेगमीच्या इतिहासात आम्हांला एक कागद फार महत्त्वाचा वाटतो. तो पाठ्यपुस्तकांतून अनेकांच्या वाचनात आलेला असतो, पण रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणूनच बहुधा शिकवला जातो. १६७०च्या दशकात चिपळूणजवळ लष्कराची पावसाळी छावणी होती. तेथल्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना शिवाजीमहाराजांनी लिहिलेले हे पत्र. त्याचा आशय पाहा. साठवलेले दाणे आणि गवत आताच बेफिकिरीने संपवाल तर ऐन पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी आणू लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील. पुढे आगीविषयी सूचना येतात. कोणी जागा न पाहता चुली मांडील, कोणी वारा न बघता तंबाखू ओढायला विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि गवताची गंज पेटली की सारेच गेले.

वाङ्मयाचे विद्यार्थी या पत्रातल्या उंदराने नेलेल्या वातीपाशी थांबतात आणि ते योग्यच आहे, कारण इतकी नेमकी कल्पना पाहण्यातूनच येते. आमचे लक्ष मात्र पत्राच्या बांधणीकडे जाते. त्यात तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. पहिली, साठा पुरवून वापरणे. दुसरी, साठाच आगीचे भक्ष्य होतो, म्हणून तो सांभाळणे. तिसरी, ज्याने बेगमी केली नाही त्याच्या चुकीची किंमत शेजारच्या दुबळ्या माणसाला मोजावी लागते. आपत्कालीन तयारीवर आज निघणाऱ्या पुस्तिकांत पहिल्या दोन गोष्टी असतात, तिसरी क्वचितच असते.

विस्तव जातो-येतो तेव्हा

तिसऱ्या गोष्टीचा दुसरा पैलू मराठी वाक्प्रचारात जपलेला आहे. दोन घरांचे हाडवैर असेल तर 'त्यांच्यात विस्तव जात नाही' असे आपण म्हणतो. आगपेटी घरोघर येण्यापूर्वी चुलीतला विस्तव विझू न देणे हे गृहिणीचे रोजचे काम होते. रात्री निखारा राखेखाली झाकायचा आणि सकाळी फुंकून जागवायचा. तरीही तो विझला, तर करवंटीत किंवा शेणीच्या तुकड्यावर शेजारून विस्तव आणायचा. ही देवघेव इतकी गृहीत होती की ती बंद पडणे हेच वैराचे सर्वांत टोकाचे लक्षण ठरले. म्हणजे घरातली पहिली पर्यायी व्यवस्था राखेखाली होती आणि दुसरी शेजाऱ्याच्या चुलीत.

हे चित्र रंगवताना एक सावधगिरी बाळगायला हवी. बेगमी सर्वांची सारखी नव्हती. ज्याच्या वाडीत माड त्याच्याकडे सोडणे आणि झावळ्या. ज्याला वाडीच नाही त्याच्या वाट्याला वणवण. किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांना लाकूड विकत घ्यावे लागे किंवा भरतीने टाकलेल्या ओंडक्यांवर नजर ठेवावी लागे. रानातून मोळ्या आणणाऱ्या डोक्यांवर पदर होते. चुलीच्या धुराने लाल झालेले डोळे आणि जडावलेली छाती बायकांची होती. या सुंदर शब्दाखालचे श्रम कोणाचे, हा प्रश्न विचारल्याशिवाय जुन्या घराचे गुणगान करणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

घासलेटचा डबा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या घरात खनिज तेल शिरले. त्याला मराठीने दोन नावे दिली : 'रॉकेल' आणि 'घासलेट'. पहिल्यात इंग्रजी 'रॉक ऑइल' ऐकू येते, दुसऱ्यात 'गॅस लाइट'. दिव्याच्या काचेला 'चिमणी' म्हणता म्हणता पत्र्याच्या छोट्या दिव्यालाच ते नाव पडले आणि इंग्रजी धुराड्याचे मराठी पाखरू झाले. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरचा तेलाचा डबा रिकामा झाला की पाणी भरायला, तांदूळ ठेवायला वापरला जाई. इंधन बाहेरचे, पण त्याचे भांडे घरचे झाले.

स्टॉकहोममध्ये १८९२ साली तयार झालेला प्रायमस स्टोव्ह आणि १९१०च्या सुमारास बर्लिनमध्ये निघालेली पेट्रोमॅक्स बत्ती या दोन वस्तूंनी पुढे कोकणात घर केले. पेट्रोमॅक्सच्या पांढऱ्या उजेडात दशावताराचे प्रयोग रात्र-रात्र रंगले. या बत्तीच्या जाळीला थोरियम लागे आणि जगातल्या अशा जाळ्यांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभापासून थोरियमयुक्त वाळू पुरवणाऱ्या ठिकाणांत याच पश्चिम किनाऱ्यावरचे दक्षिणेकडचे त्रावणकोर होते.

रॉकेलने सोय केली, पण बेगमीचे स्वरूपही पालटले. उंडीचे झाड परसात होते, रॉकेलची विहीर दूर देशी. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेथल्या तेलविहिरी माघार घेणाऱ्या इंग्रजांनीच निकामी केल्या, आणि हिंदुस्थानात रॉकेलची टंचाई झाली. कोणाची तरी लढाई कुठेतरी चालली आहे म्हणून आपल्या घरातला दिवा बारीक करावा लागतो, हा अनुभव नवा होता.

स्टोव्हची दुसरी बाजूही लिहिलीच पाहिजे. हवा भरताना उडालेल्या भडक्याने, भेसळीच्या तेलाने कितीतरी बायका भाजल्या. आणि १९७०-८०च्या दशकांत 'स्टोव्हचा भडका' हे वर्तमानपत्री शब्द अपघाताची नोंद करीत आहेत की हुंडाबळी झाकत आहेत, असा प्रश्न स्त्रीचळवळीने उभा केला. १९८३ साली दंडसंहितेत कलम ४९८ अ घालण्यात आले त्यामागे ही पार्श्वभूमी होती. स्वैपाकाचे साधन सुरक्षित असणे म्हणजे त्याची टाकी आणि वात धड असणे, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही.

तारेवरचे घर

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तारा गावोगाव पोहोचत गेल्या. वेंगुर्ले परिसरात जन्मलेल्या आरती प्रभूंचा 'दिवेलागण' हा संग्रह १९६२ सालचा. या शब्दामागे काच पुसणे, वात कातरणे, तेल घालणे अशी कामाची एक मालिका होती. बटण दाबणे त्या मालिकेच्या जागी आले. शब्द कवितेत राहिला, त्याखालचे काम गेले. ते गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. ज्या बाईला रोज सहा चिमण्या पुसाव्या लागत तिला बटणाचे मोल विचारावे.

मात्र तारेचा एक स्वभाव लवकरच कळला. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, वीजकेंद्र थांबले आणि दूरच्या मुंबईतही अंधार पसरला. आजच्या घराकडे पाहिले तर तारेवर काय काय टांगले आहे ते दिसते. विहिरीवरचा रहाट गेला, पंप आला. म्हणून वीज गेली की पाणी जाते. न्हाणीतली चूल गेली, गिझर आला. सुक्या माशाची जागा शीतकपाटाने घेतली. रॉकेल तर शिधावाटप दुकानातून अलीकडे जवळजवळ दिसेनासे झाले आहे. चूल होती ती गॅसने हटवली. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर गरीब घरांतही नेला आणि धुरातून सुटका केली. ही सुटका खरीच आहे. पण पाच-सहा इंधनांच्या जागी दोन आली, आणि दोन्हींचे दुसरे टोक घरापासून शेकडो कोस दूर आहे.

नोव्हेंबर २००९ मधले 'फयान', जून २०२० मधले 'निसर्ग' आणि मे २०२१ मधले 'तौक्ते' ही नावे किनाऱ्याला पाठ आहेत. 'निसर्ग' ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि रायगड व उत्तर रत्नागिरीतली काही गावे कित्येक आठवडे विजेविना राहिली. तेव्हा शासनाला तेथे केरोसीन वाटण्याचा निर्णय घ्यावा लागला, म्हणजे अडीअडचणीला जुना डबाच आठवला. 'तौक्ते' १६ मे २०२१ रोजी सिंधुदुर्गासमोरून उत्तरेकडे गेले. ते येथे किनाऱ्यावर चढलेसुद्धा नाही. तरी माड, आंबे, फणस वाहिन्यांवर पडले, खांब मोडले, आणि काही ठिकाणी पुरवठा पूर्ववत व्हायला आठवड्याहून अधिक काळ गेला. करोनाची दुसरी लाट चालू होती. मोबाइलचे मनोरे बंद पडल्यावर गॅसची नोंदणी करणे आणि पैसे पाठवणे या क्रियाही थांबतात, हे त्या दिवसांनी शिकवले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की ताउते आले तेव्हा आगोट होती. जुन्या घरात त्या तारखेला लाकडे रचून झालेली असती.

आजची बेगमी

मग आज काय करावे? चुलीकडे परत जा, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. परंतु साधने विकत घेऊन ठेवणे आणि बेगमी करणे यांत फरक आहे. तो काही उदाहरणांनी स्पष्ट होईल.

घरोघर इन्व्हर्टर आले आहेत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. रूपांतरातली तूट आणि बॅटरी पूर्ण रिती न करण्याचा नियम धरला तर हाती सुमारे १२०० उरतात. दोन जुने पंखे, चार एलईडी दिवे, मोबाइल असा २०० वॅटचा भार ठेवला तर सहा तासांत खेळ संपतो. पंखे बंद करून चार दिवेच, म्हणजे ३६ वॅट ठेवले, तर तीच बॅटरी तीस तासांहून अधिक चालते. १८०० वॅटची इंडक्शन शेगडी लहान इन्व्हर्टर पेलूच शकत नाही आणि पेलली तरी पाऊण तासात बॅटरी मोकळी होईल. बॅटरी तीच असते. सहा तास की तीस, हे घरातल्या माणसांच्या ठरावावर अवलंबून. दिव्याची वात बारीक करणाऱ्या आजीला हा हिशेब कोणी शिकवावा लागला नसता.

छपरावरच्या सौर पॅनेलांविषयी एक गैरसमज रूढ आहे. २०२४ पासून केंद्राच्या योजनेमुळे ती वाढत आहेत. परंतु बॅटरीशिवाय थेट वाहिनीला जोडलेली यंत्रणा पुरवठा गेला की स्वतःही थांबते, ऊन कितीही असो. वाहिनीवर काम करणाऱ्या कामगाराला उलट्या दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती तशीच रचलेली असते. अंधारात उजेड हवा असेल तर बॅटरीसह चालणारी यंत्रणा आधीच मागून घ्यावी लागते. जनित्राबाबतही हेच पथ्य : ते घराच्या वायरिंगला जोडताना पालटखटका हवाच, आणि ते चालवायचे ते उघड्यावर, खिडक्यांपासून दूर. जनित्र काय, कोळशाची शेगडी काय, बंद खोलीत दोन्ही असा वायू सोडतात ज्याला रंग नाही, वास नाही आणि जो झोपेतच माणसाला नेतो. जुन्या घरात कौलांच्या फटींतून धूर जाई, आजच्या स्लॅबच्या घरात तो जात नाही. म्हणून जुनी शेगडी नव्या घरात अधिक धोक्याची आहे. जाळ करायचाच तर पडवीत, अंगणात.

स्वैपाकाला सर्वांत भरवशाचा पर्याय आज गॅसचाच, कारण तो तारेवर अवलंबून नाही, मात्र १४.२ किलोचा दुसरा सिलिंडर मे महिन्यात भरलेला हवा. भिजवलेली कडधान्ये, झाकण घट्ट लावून शिजवलेला आणि मग गोधडीत गुंडाळून ठेवलेला भात यांनी गॅस पुरवून पुरतो. पिण्याचे पाणी भरून ठेवणे, विहिरीवर रहाट किंवा निदान दोर-कळशी असणे, थोडी रोख रक्कम जवळ असणे, ही सगळी आगोटीच्या यादीत आज घालावी लागतील अशी कलमे आहेत.

जुन्या व्यवस्थेचे बळ आमच्या मते कशात होते, हे आता सांगता येईल. तिच्यातले काहीही केवळ संकटासाठी राखून ठेवलेले नव्हते. पडवीतली लाकडे रोज जळत, समई रोज लागे, रहाट रोज फिरे, शेजारी विस्तव सहज जाई. वादळ आले तरी घराला नवे काही शिकावे लागत नसे. आज संकटासाठी घेतलेली वस्तू माळ्यावर जाते. तिच्या बॅटरीत पाणी घातलेले नसते, मेणबत्त्या सापडत नाहीत, जनित्र दोन वर्षे चालू केलेले नसते. महिन्यातून एक संध्याकाळ मुद्दाम मुख्य खटका बंद करून घर चालवून पाहावे, ही सूचना त्यामुळेच गंभीरपणे करावीशी वाटते. त्या दोन तासांत कोणाच्या हाती काय लागते, कोण कशाला अडते आणि कोणत्या कामासाठी घरातल्या बाईलाच हाक मारली जाते, हे कळून येईल. तयारीची यादी पुरुषाने लिहायची आणि अंधारात राबायचे तिने, अशी वाटणी पुन्हा होऊ नये. जुन्या बेगमीचा तेवढा भाग मागेच राहिलेला बरा.

आणि चिपळूणच्या पत्रातली तिसरी गोष्ट. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याच्या ओटीवर शेजारच्या चार मोबाइलांना आणि एखाद्या म्हाताऱ्याच्या वाफेच्या यंत्राला जागा असावी. ज्याच्या विहिरीवर रहाट उरला आहे त्याच्या कळशीला वाडीने हात लावावा. वाडीतल्या कोणत्या घरात आजारी माणूस आहे, कोणत्या घरी एकटी बाई आहे, याची नोंद कोणत्याही यंत्रणेपेक्षा शेजाऱ्याकडे अधिक खरी असते. मोठ्या वादळात पहिले दोन दिवस बाहेरून कोणी पोहोचत नाही, रस्त्यावरची झाडेही गावकरीच तोडतात.

विस्तव मागायला जाण्याची गरज आगपेटीने संपवली, ते बरेच झाले. पण त्या निमित्ताने दोन घरांमध्ये जी पायवाट राहत होती ती तारेने आणि सिलिंडरने आपसूक जपली जाणार नव्हती. ती आता ठरवून राखावी लागेल. निश्चिंती एकेका घराला सुटी मिळत नाही, हे 'विस्तव जात नाही' या तीन शब्दांच्या तक्रारीत भाषेने केव्हाच नोंदवून ठेवले आहे. आगोट दरवर्षी येतेच. बेगमी करायची की नाही, एवढेच आपल्या हाती असते.